फर्जानीने सांगितलेली जागा

आमच्या ख्रुमीरच्या डोंगरात पोरांना एक गोष्ट दुधाच्या दातांबरोबरच शिकवतात: अळंबी कुठे सापडली असं कुणी विचारलं, तर खरं सांगायचं नाही. याला इथे कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. पाहुण्याला "अजून वाढू का" विचारलं की त्याने "नको, पोट भरलं" म्हणायचं असतं, तशातलाच हा प्रकार. विचारणाऱ्यालाही माहीत असतं की समोरचा थाप मारणार. थाप ऐकून तो मान डोलावतो आणि गुपचूप दुसऱ्या डोंगराकडे वळतो. मुळात विचारूच नये. पण आमचे लोक विचारतात, त्याला कोण काय करणार.

या विद्येत फर्जानी वर्घीचा हात धरेल असा माणूस ऐन द्राहम गावापासून अल्जीरियाच्या सरहद्दीपर्यंत कुणी नव्हता. वय अडुसष्ट, अंगाने काटकुळा, डोक्यावर विटलेली लाल शेशिया, थंडी पडली की वरून लोकरीची तपकिरी कशाबिया. तरुणपणी तो बुचाची झाडं सोलायच्या कामावर होता. कुऱ्हाडीच्या दोन घावांत साल अशी उतरवायचा की आतल्या खोडाला ओरखडासुद्धा नाही. मुकादम नवीन गड्यांना आणून त्याच्यासमोर उभं करायचा आणि म्हणायचा, हे बघा आणि लाज वाटून घ्या. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तसा तो मधमाश्यांकडे वळला. त्याच बुचाच्या सालीची नळकांडी केली, दोन्ही तोंडं लिंपली, आत माश्या बसवल्या. आता अशी बेचाळीस नळकांडी त्याच्या घरामागच्या उतारावर आडवी पडलेली असतात. हिवाळ्याच्या तोंडाला लेंजची झुडपं फुलतात, त्यांच्या फुलांचा कडू मध घ्यायला लोक खाली समुद्रकाठच्या तबरकाहून चढून येतात.

मध कुठल्या रानातला? तर निळ्या झऱ्याकडचा. अळंब्या? निळ्या झऱ्याकडच्या. बुडाशी मुठीएवढ्या जाड, भाकरीसारख्या फुगलेल्या त्या अळंब्या तबरकातली हॉटेलं भांडून घ्यायची, त्यासुद्धा निळ्या झऱ्याकडच्याच. आता निळ्या झऱ्यापाशी खरं काय आहे म्हणाल, तर चार खुरटी बुचाची झाडं, रानडुकरांनी उकरलेला चिखल आणि एक गळका नळ.

त्याची खरी जागा होती बरोब्बर उलट्या अंगाला, तरसाच्या घळीत. लग्नाच्या आदल्या दिवशी बापाने त्याला तिथे नेलं होतं आणि बजावलं होतं, "ही जागा बायकोलाही सांगायची नाही." फर्जानीने बापाचा शब्द तीन दिवस पाळला. चौथ्या दिवशी हनियाला सांगून टाकलं. पण हनियाच्या पोटातून शब्द बाहेर काढायचा म्हणजे विहिरीतून डोंगर काढण्यासारखं, त्यामुळे जागा गुपितच राहिली.

त्या जागेच्या मागे तीस वर्षं हात धुऊन लागलेला एकच माणूस होता, बुजमा. हनियाचा मावसभाऊ, फर्जानीचा शेजारी, आणि रोज दुपारी कॅफेत श्कुब्बाच्या पत्त्यांच्या डावात समोर बसणारा गडी. एकदा पहाटे तो फर्जानीच्या मागोमाग लपतछपत निघाला. फर्जानीला ते पहिल्याच वळणावर कळलं. त्याने टोपली हलवत, शीळ घालत, त्याला नीट अल्जीरियाच्या सरहद्दीपर्यंत नेलं आणि स्वतः झुडपात वाकून गायब झाला. बुजमाला पहारेकऱ्यांनी अर्धा दिवस बसवून ठेवलं. संध्याकाळी कॅफेत दोघे पुन्हा समोरासमोर बसले आणि त्या विषयावर एक अक्षर निघालं नाही. बुजमाने त्या दिवशी फर्जानीला सलग चार डाव हरवलं, एवढंच.

तर अशा माणसाच्या दारात एका शरद ऋतूत दोरसाफ आली.

दोरसाफ राजधानीतल्या विद्यापीठात होती, नोकरी कच्ची, वर्षावर्षाच्या कागदावर चाललेली. माहेर स्फाक्सचं, म्हणजे सपाट मुलूख, सगळी ऑलिव्हची झाडं, आणि अळंबी म्हणजे काय हे पुस्तकात वाचलेलं. मेलेल्या झाडांवर कुठले किडे राहतात याचा ती अभ्यास करायची. त्या दिवशी ती नुसतं पाणी मागायला वळली होती. फर्जानी नळकांड्यांपाशी बसून धुराचा डबा फुंकत होता. माश्या शांत कराव्या म्हणून आमच्याकडे त्या डब्यात झाडावरची कडक अळंबी जाळतात. म्हाताऱ्या झान ओकाच्या खोडावर फळीसारखी आडवी वाढते ती. वाळली की लाकडासारखी टणक होते, ठिणगी लावली की तासभर धुमसते आणि धूर असा मऊ येतो की माश्या पेंगायला लागतात.

पोरीने पाण्याचा पेला हातात घेतला आणि डब्याकडे बघतच राहिली. मग पेला खाली ठेवून तिने धुमसती अळंबी उघड्या हाताने ओढून काढली, जमिनीवर आपटून विझवली आणि पोटावर पालथी पडून तिच्याकडे बघायला लागली. फर्जानीने हनियाला हाक मारली की लवकर ये, पोरीला बहुतेक उन्हाचं झालंय.

अळंबीला टाचणीने पाडावीत तशी भोकं होती आणि एका भोकातून तिळाएवढा तपकिरी भुंगेरा बाहेर येऊन भांबावल्यासारखा फिरत होता. फर्जानीला त्यात नवल काही नव्हतं. हे भुंगेरे पोत्यातून निघून हनियाच्या पिठात शिरायचे, म्हणून भाकरी भाजून झाल्यावर ती सगळ्या अळंब्या तबूनाच्या गरम भट्टीत शेकून काढायची. त्या दिवशी घाईत एक कच्ची राहिली होती. दोरसाफने बोट भाजलेलं असताना, हनिया त्यावर मध लावत असताना, भिंग डोळ्याला लावून सांगितलं की या नराच्या कपाळावर दोन शिंगं आहेत, टोकं आत वळलेली, आणि मध्ये केसांचा झुपका. असा तिने कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता. अळंबी फोडल्यावर त्याच जातीच्या तीन माद्याही निघाल्या, पण शिंगं नरालाच.

मग तिने आदराने 'सी' लावून तो प्रश्न विचारला. "सी फर्जानी, ही अळंबी तुम्ही कुठून आणली?"

"निळ्या झऱ्यापाशी," फर्जानी म्हणाला. पापणी लवली नाही.

तिने वहीत लिहून घेतलं.

दीड वर्षाने ती परत आली ती छापील पानं घेऊन. भुंगेरा नवीनच निघाला होता, जगात कुणी न नोंदलेला, आणि त्याला लॅटिनमध्ये तिने नाव ठेवलं होतं फर्जानीचं. तिळाएवढ्या जिवाचं चित्र तळहाताएवढं काढलेलं. हनियाने ते चित्र खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "एवढासा जीव आणि एवढा रुबाब. नाव बरोबर ठेवलंयस हो पोरी."

फर्जानीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती पानं कशाबियाच्या आतल्या खिशात घालून तो कॅफेत गेला, श्कुब्बाचे पत्ते बाजूला सारले आणि पानं टेबलावर पसरली. इंग्रजी त्या म्हाताऱ्यांत कुणालाच येत नव्हतं, पण नाव सगळ्यांनी वाचलं. बुजमाचा नातू शाळेत इंग्रजी शिकलेला. त्याने बोट ठेवून ठेवून जागेचं नावही वाचून दाखवलं. निळा झरा. बुजमा खुर्चीत मागे रेलला आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. "बाबांनो, एका जागेचा प्रश्न मिटला," तो म्हणाला. "निळ्या झऱ्यापाशी तो भुंगेरा नक्की नाही." त्या दिवसापासून फर्जानी कॅफेच्या दारात आला की लोक म्हणायचे, "आला भुंगेरा." फर्जानीला ते आवडायचं. अगदी मनापासून आवडायचं.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. तो लागायला दोन वर्षं लागली, पण लागला.

दोरसाफला आणखी नर हवे होते. एकट्या नरावर जात उभी करणं म्हणजे एका खांबावर तबेला. ती शरद ऋतूत आली, निळ्या झऱ्यापाशी आठ दिवस शोधलं, काही नाही. पुढच्या वर्षी पुन्हा आली, पुन्हा काही नाही. आणि आपला फर्जानी काय करत होता? किटलीत चहा भरून तिच्यासोबत झऱ्यापर्यंत जात होता, तिच्याबरोबर ओंडके उलथत होता, आणि संध्याकाळी "असेल गं, सापडेल" म्हणत परत येत होता. त्याच्या मनात पाप नव्हतं. त्याला आपलं वाटायचं, भुंगेरे पायाचे प्राणी, आज घळीत आहेत, उद्या झऱ्यावर येतील. पण दुसऱ्या वर्षी तिने जाताना हात हलवला आणि त्या रात्री तो जेवला नाही. हनियाला म्हणाला, दात दुखतोय. हनिया म्हणाली, खोटं बोलल्याने दात दुखतात हे आजच कळलं.

तिसऱ्या नोव्हेंबरात दोरसाफ आली ती बॅग न उघडताच स्वयंपाकघरात बसली. हनिया तबूनातून भाकऱ्या काढत होती. पोरीने एक संत्रं घेतलं आणि सोलून त्याच्या फोडी केल्या, फोडींचे तुकडे केले, खाल्लं मात्र काही नाही. मग तिने सांगितलं. राजधानीत शाजली म्हणून एक मोठे जाणकार आहेत, भुंगेऱ्यांत आयुष्य घातलेले. त्यांनी लेखी कळवलंय की सांगितलेल्या जागी दोन वर्षं शोधूनही एकही किडा निघत नाही, तर हा किडा इथला नसावाच. बंदरातल्या परदेशी लाकडातून आला असेल, म्हाताऱ्याने अळंबी कुठून उचलली देव जाणे. शाजली आणखी दोघांना घेऊन पुढच्या आठवड्यात स्वतः येणार. पोत्यातली अळंबी चालणार नाही. झाडावरची, त्यांच्या डोळ्यांदेखत काढलेली हवी, आणि तीत नर हवा. नाही निघाला तर जागा चुकीची म्हणून छापणार. ते छापलं की तिची नोकरी पक्की व्हायची राहिलीच, कच्चीसुद्धा जाणार.

"तुम्ही नीट आठवून सांगा, सी फर्जानी. ती निळ्या झऱ्याचीच होती ना?"

फर्जानीने दाढी खाजवली. "आता तू म्हणतेस तर... झऱ्याच्या जरा वर असेल. जुन्या रस्त्याकडे."

जित्याची खोड! जीभ त्याला न विचारताच हलली होती. त्याच्या स्वतःच्याही ते बोलल्यावर लक्षात आलं आणि तो आ वासून बसला.

हनियाने हातातली भाकरी खाली ठेवली. "फर्जानी, ही पोरगी आपल्या ताटात जेवलीय. तिच्यासमोर तरी नको."

मग त्याने सांगितलं. मान खाली घालून, शेशिया गुडघ्यावर ठेवून, सगळं: तरसाची घळ, पडलेला झान ओक, बाप, लग्नाचा आदला दिवस. दोरसाफचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"दोन वर्षं तुम्ही माझ्याबरोबर ओंडके उलथत होता."

"हो."

"खोटं का सांगितलंत?"

"तू विचारलंस म्हणून," फर्जानी म्हणाला. आणि ते अगदी खरं होतं. "पोरी, अळंबी कुठली हे आमच्यात असं तोंडावर कुणी विचारत नाही. आणि विचारलं, तर ऐकून लिहून घेत नाही."

पोरीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि हनियाने तिला ओढणीचं टोक दिलं. स्फाक्सकडे म्हणे असं नसतं. तिकडे ऑलिव्हची झाडं रांगेत असतात, लपवणार काय.

पण डोळे पुसून झाल्यावर तिने पुढचं सांगितलं, आणि ते फर्जानीला जड गेलं. त्या तिघांना घळीत न्यावं लागणार. एवढ्यावरही भागणार नाही. दुरुस्ती छापावी लागणार आणि तीत जागेचं नाव, नुसतं नाव नाही, आकडेसुद्धा. ते आकडे फोनमध्ये घातले की बाण थेट त्या ओंडक्यावर नेऊन सोडतो. फर्जानीने विचारलं, नुसतं "डोंगरात" असं लिहिलं तर? ती नाही म्हणाली. एकदा चुकलेली जागा दुसऱ्यांदा मोघम लिहिली तर तिच्यावर कुत्रंही विश्वास ठेवणार नाही.

फर्जानी उठून मागे माश्यांकडे गेला. बराच वेळ एका नळकांड्यावर हात ठेवून उभा राहिला. बुजमाचा नातू दिवसभर फोनच घेऊन बसलेला असतो. तीस वर्षं ज्याला चुकवलं, त्याच्या हातात आता आपणच छापून नकाशा द्यायचा! पुढच्या शरदात घळीत बुजमाची टोपली, त्याच्या मागे त्याचे पुतणे, त्यांच्या मागे सगळा कॅफे. त्याला खरोखर रडू येत होतं, लपवण्यात अर्थ नाही.

हनिया मागून आली. "जागा तुला बापाने दिली," ती म्हणाली. "नाव या पोरीने दिलं. अळंबी दोन दिवसांत सडते, फर्जानी. आणि ते नाव खोडलं तर आपल्या घराच्या नावापुढे 'खोटा' असं छापून येईल. कॅफेतलं खोटं वेगळं, छापलेलं वेगळं."

फर्जानीने नाक पुसलं. "नेईन म्हणावं," तो म्हणाला.

आठवड्याने तिघेजण आले. डॉक्टर शाजली सत्तरीचे, पांढरी मिशी, गळ्यात दोरीला लटकवलेलं भिंग, पायात शहरी बूट. माणूस वाईट नव्हता. नुसता कुणाचंही न ऐकणारा होता. चहा पितानाच म्हणाले की आपण इथवर येतोय ते केवळ नियम म्हणून.

फर्जानी पुढे निघाला. आणि सवयीने कॅफेसमोरून, सगळ्या गावाच्या देखत, त्यांना निळ्या झऱ्याच्या वाटेला घेऊन गेला. झऱ्यावर पोचल्यावर चिखलातून पलीकडे, ओढ्याच्या पाण्यातून शंभर पावलं उलट, मग बुचाच्या रानातून वळसा, मग एक टेकडी विनाकारण चढून उतरून. मागे कुणी येतंय का ते दर वळणावर पाहत होता. दोरसाफने दोनदा विचारलं, घळ तर तिकडे आहे ना? तो म्हणाला, हो, पण वाट ही. तीस वर्षांत तो सरळ वाटेने घळीत एकदाही गेला नव्हता. सरळ वाट असते हे त्याला ठाऊक तरी होतं की नाही कोण जाणे. शाजलींचे बूट घोट्यापर्यंत चिखलाने भरले. त्यांची मिशी थरथरत होती.

घळीत उतरल्यावर मात्र ते थांबले. झान ओकांची झाडं दोन्ही बाजूंनी उभी, खाली ओली पानं मांडीएवढी साचलेली, आणि मधोमध तो पडलेला ओक, घराएवढा लांब, अंगावर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या अळंब्याच अळंब्या. शाजलींनी टोपी काढली. बंदरातल्या लाकडाचा विषय त्यानंतर त्यांनी काढला नाही.

पण नर निघेना. दोरसाफने एक अळंबी फोडली, मादी. दुसरी फोडली, दोन माद्या. शाजली भिंगातून बघायचे आणि मान हलवायचे: मादीवरून काही ठरत नाही, अशा माद्या चार जातींत सारख्या असतात. तीन तास गेले. बाराव्या अळंबीलाही माद्याच. घळीत ऊन यायचं थांबलं. बरोबरच्या दोघांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. दोरसाफ सुरी पुसून तेराव्या अळंबीला लागली.

फर्जानी इतका वेळ एका दगडावर मूग गिळून बसला होता. शिकलेल्या माणसांच्या कामात आपण कशाला बोला. शेवटी राहवेना. त्याने विचारलं की तुम्ही सगळे वरच्या ताज्या अळंब्या कशाला फोडताय? तो भुंगेरा ज्या अळंबीतून निघाला होता ती ताजी नव्हती. तिने ठिणगी लागताक्षणी पेट घेतला होता, म्हणजे आतून पोखरून भुसा झालेली. अशी अळंबी खोडाच्या पोटाखाली असते, मरून दोन हिवाळे झालेली. धुराला तीच चांगली, म्हणून तीच तो नेहमी काढायचा.

तो गुडघ्यावर बसला, ओंडक्याच्या खाली हात घातला आणि कलिंगड वाजवून बघावं तशी एकेक अळंबी बोटाच्या पेराने वाजवत गेला. पहिली टणक. दुसरी टणक. तिसरी वाजली नाही, भस्सकन आवाज आला. त्याने ती काढून नाकाशी नेली, हुंगली आणि दोरसाफच्या हातात ठेवली. "ही धर. ही जाळायला मिळाली असती तर मला आनंद झाला असता."

तिने पांढऱ्या कापडावर ती नुसती दाबली. भुश्याबरोबर सहा-सात भुंगेरे पडले. ती वाकली, मग बाजूला झाली आणि शाजलींना जागा दिली.

शाजलींनी भिंग डोळ्याला लावलं. फर्जानी मनात मोजत होता, शंभरापर्यंत पोचला, पुन्हा एकपासून सुरू केलं. शाजली एक भुंगेरा बघायचे, चिमट्याने वळवायचे, दुसरा बघायचे. शेवटी त्यांनी भिंग खाली सोडलं.

"दोन शिंगं, टोकं आत, मध्ये झुपका," ते म्हणाले. "चार नर आहेत. हाच तो. मी चुकलो, बाई."

दोरसाफ मटकन पानांत बसली. फर्जानीचा जीव भांड्यात पडला. शाजलींनी भिंग दोरीसकट गळ्यातून काढून फर्जानीच्या हातात दिलं आणि म्हणाले, बघा तरी, तुमचाच आहे. फर्जानीने एक डोळा मिटून पाहिलं. तिळाएवढा जीव केवढा तरी झाला होता, कपाळावर शिंगं, अंगावर भुसा, आणि मुकादमाला विचारल्याशिवाय जागचा हलणार नाही असा उभा. आयुष्यभर यांना आपण धूर करून टाकलं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला जरा वाईटच वाटलं.

परत जाण्यापूर्वी शाजलींनी स्वतःच्या वहीत लिहिलं. विचारलं, "या जागेला काय म्हणतात?"

फर्जानीने तोंड उघडलं. दोरसाफने त्याच्याकडे पाहिलं.

"तरसाची घळ," तो म्हणाला. आणि घाम पुसला.

वसंतात दुरुस्ती छापून आली, नावासकट, आकड्यांसकट. दोरसाफची नोकरी पक्की झाली. तिने स्फाक्सहून ऑलिव्ह तेलाचा मोठा डबा पाठवला. फर्जानीने ती पानं खिशात घातली आणि फाशीला निघाल्यासारखा कॅफेत गेला. म्हणाला, लोकांना दुसऱ्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे. त्याने पानं बुजमासमोर ठेवली.

नातवाने जागेचं नाव वाचलं. आकडे फोनमध्ये घातले. बाण हलला आणि थेट तरसाच्या घळीवर जाऊन थांबला. कॅफेत पत्ते वाजायचे थांबले.

बुजमाने फोनकडे पाहिलं, फर्जानीकडे पाहिलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "वा रे माझ्या भावा! आता आकड्यांतसुद्धा थापा मारायला शिकलास."

"खरं आहे ते," फर्जानी म्हणाला.

"आम्ही काय आंधळे आहोत? त्या बूटवाल्यांना तू निळ्या झऱ्याकडे घेऊन गेलास, या खुर्चीतून पाहिलंय मी. घोट्यापर्यंत झऱ्याचाच चिखल होता."

"भाकरीची शपथ, बुजमा. तरसाची घळ. खोडाच्या पोटाखाली."

भाकरीची शपथ ऐकून तर सगळा कॅफे लोटपोट झाला. एवढी शपथ घालतोय म्हणजे जागा नक्की दुसरीच. बुजमाने नातवाला बजावलं की घळ सोडून कुठेही शोध, तिकडे पाय टाकू नकोस, वेळ फुकट जाईल. फर्जानी पानं गोळा करून घरी आला आणि हनियाला सगळं सांगितलं. हनिया इतकी हसली की तबूनातल्या दोन भाकऱ्या जळाल्या. फर्जानीला मात्र नीट हसू येईना. आयुष्यात एकदा चारचौघांत खरं बोललो, आणि त्याची ही किंमत!

पुढच्या शरदात पहिल्या पावसानंतर तो घळीत गेला, यावेळी सरळ वाटेने. घळ होती तशीच होती. ओंडक्याखालच्या दोन हिवाळे झालेल्या अळंब्यांना त्याने हात लावला नाही. धुरासाठी आता तो वरच्या टणक काढायचा आणि माश्यांच्या शिव्या खायचा. मग पानांतून त्या भाकरीसारख्या फुगलेल्या जाडजूड अळंब्या वेचल्या, टोपली काठोकाठ भरली आणि परत येताना बुजमाच्या दारात थांबला. बुजमा निळ्या झऱ्याकडून नुकताच आला होता, टोपलीत दोन किडक्या अळंब्या, बूट चिखलाने माखलेले.

फर्जानीने आपल्या टोपलीतल्या अर्ध्या त्याच्या टोपलीत ओतल्या. बुजमा बघतच राहिला. त्याने एक उचलली, देठ दाबून पाहिला, हुंगली. मग तीस वर्षांत पहिल्यांदा मऊ आवाजात विचारलं,

"कुठे सापडल्या रे?"

"तरसाच्या घळीत."

बुजमाने मान हलवली आणि टोपली उचलली. "बरं बाबा," तो म्हणाला, "नसेल सांगायचं तर नको सांगूस."